किशोरांसाठी मराठीत फॅन्टसी लिहायचीये, पण अकराव्या पानावर अडकलेय

एका मुलीने मला हा प्रश्न पाठवलाय, बराच मोठा आहे, बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात सांगते. तिचं वय २१, कॉलेजचं शेवटचं वर्ष, बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी फॅन्टसी कादंबरी लिहायचीये. दोन वर्षांत नकाशा झालाय, पाच राज्यं, त्यांच्या वंशावळी, जादूचे सात प्रकार, एक वेगळी लिपीसुद्धा. कादंबरीची पानं मात्र अकरा झालीत आणि तिथेच गाडी अडकलीय. विचारलंय की मराठीत लिहू का इंग्रजीत, जादूची सिस्टीम पक्की कशी करायची, छापणार कोण, आणि यावर पोट भरतं का. सोबत पहिल्या प्रकरणाचा एक तुकडा दिलाय.

मी चौदा वर्षं हेच करतेय. किशोरवयीन मुलांसाठी चार कादंबऱ्या झाल्या, दिवाळी अंकांतून कथा, शाळांमधून वाचनाचे तास. माहेर सिंधुदुर्गातलं, राहते पुण्यात. तुला अगंतुगं करते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

आधी अडकलेल्या गाडीचं बोलू, कारण बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत. तुझे जादूचे सातही प्रकार मी नीट वाचले. अग्नी, जल, वायू, छाया वगैरे, प्रत्येकाची ताकद लिहिलीयस, कोणत्या राज्यात कोणाला काय येतं तेही लिहिलंयस. पण ती जादू केल्यावर त्या माणसाचं काय जातं हे कुठेच लिहिलेलं नाहीये. माझ्या मते तू तिथे अडकलीयेस. नायिकेने हात वर केला, दार उघडलं, आता पुढे काय लिहिणार? तिचं काही गेलं नाही म्हणजे तिला काही ठरवावंच लागलं नाही, आणि तिने काही ठरवलंच नाही तर बारावं पान येणार कुठून. मग आपण परत नकाशाकडे वळतो, अजून एक नदी काढतो, अजून एक राजा घालतो. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली म्हणून इतक्या खात्रीने सांगतेय.

आता ही किंमत कशी ठरवायची हे शिकायला लांब जायची गरज नाही. आपल्या घरात ते आहे, त्याला नवस म्हणतात. कोणीतरी काहीतरी मागतं, बदल्यात काय देणार ते तोंडाने बोलतं, बोललेलं मागे घेता येत नाही, काम झालं की फेडावं लागतं, आणि फेडायचं राहिलं तर ते घराच्या मागे लागतं. माझ्या आजीने काकासाठी बोललेला एक नवस राहून गेला होता आणि त्यानंतर म्हैस आटली, कोणी दहावीला नापास झालं, कोणाचं लग्न मोडलं की तो नवस निघायचाच, आजी गेल्यावरसुद्धा वीस वर्षं निघत होता. तो खरा का खोटा हा वेगळा प्रश्न, त्यावर पुढे बोलते. पण लिहिणाऱ्याच्या नजरेने बघ, यात वचन आहे, मुदत आहे, थकबाकी आहे, आणि ती थकबाकी ज्याने काही मागितलंच नव्हतं त्या नातवंडांवर येते. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी याच्याहून चांगली गोष्ट कुठली? मोठ्यांनी बोललेलं आपण का फेडायचं, हा प्रश्न त्या वयात रोज डोक्यात असतोच की, फॅन्टसी न वाचणाऱ्या पोरांच्यासुद्धा.

किंमतीचं अजून एक उदाहरण देते, ते तर आपल्या पैठणचंच आहे. कथासरित्सागराच्या सुरुवातीलाच गुणाढ्याची गोष्ट येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारात हा मंत्री. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी संस्कृतात म्हणते ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येत नाही, तो मोदक मागवतो. राणी हसते. राजा खोलीत जाऊन पडतो, कोणाशी बोलत नाही. मग गुणाढ्य म्हणतो व्याकरणाला बारा वर्षं लागतात पण मी सहा वर्षांत शिकवतो, आणि दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य चिडून पैज लावतो की हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्मा जिंकतो. आणि गुणाढ्य खरंच तिन्ही भाषा सोडतो. दरबारातला विद्वान माणूस, मुका होऊन विंध्याच्या जंगलात निघून जातो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसले होते. काय किंमत आहे बघ. त्याच्याकडे जे एकच मोलाचं होतं तेच गेलं, आणि तेही त्याच्याच तोंडून, रागाच्या भरात. मग जंगलात तो ‘पैशाची’ नावाची, पिशाचांची भाषा शिकतो, तिच्यात सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा ती नाकारतो, पिशाचांची भाषा म्हणून. मग हा एका टेकडीवर आग पेटवतो, एकेक पान वाचतो आणि आगीत टाकतो, भोवती जंगलातली जनावरं चरणं सोडून डोळ्यात पाणी आणून ऐकत बसतात. सहा लाख श्लोक जळतात. शेवटी राजाला जेवणात मांस सुकं लागतं, चौकशी होते, जनावरं उपाशी आहेत असं कळतं आणि राजा धावत येतो तेव्हा एक लाख उरलेले असतात. आता यात जादू किती आहे? जवळजवळ नाहीच. पण प्रत्येक पायरीला कोणाचं तरी काहीतरी जातंय म्हणून पुढचं पान उलटावंच लागतं. तुझ्या सात प्रकारांपैकी सहा बाजूला ठेव, एक घे, आणि तो वापरला की माणूस काय गमावतो ते एका वाक्यात लिही. ते वाक्य नीट जमलं ना तर बाकीचे सहा लागणारच नाहीत बहुतेक.

फक्त ती किंमत पंधरा वर्षांच्या मुलीकडे असलेली पाहिजे हे लक्षात ठेव. खूप जण लिहितात की जादूने आयुष्याची दहा वर्षं कमी होतात. पंधराव्या वर्षी दहा वर्षं म्हणजे काय ते कळतच नाही, त्या वयाला साठी आणि सत्तरी सारखीच. तिच्याकडे काय असतं? एक जिवाभावाची मैत्रीण. आवाज. घरात तिच्यावर ठेवलेला विश्वास. गेलेल्या माणसाची आठवण. एखादं गाणं जे फक्त तिला आणि भावाला येतं. ह्यातलं काहीतरी जाऊ दे.

तुझाच तुकडा घेऊन दाखवते. तू लिहिलंयस: ‘अंधाऱ्या जंगलात धुके पसरले होते. आर्याने आपली कांडी उचलली आणि प्राचीन मंत्र पुटपुटला. निळा प्रकाश चमकला आणि शापित दरवाजा उघडला.’ वाक्यं स्वच्छ आहेत, हात चांगला आहे तुझा, हे मनापासून सांगते. पण हा दरवाजा कुठल्याही देशातला असू शकतो आणि आर्याही कोणीही असू शकते.

आमच्या भागात देवळात कौल लावतात, तुला माहीत असेल नसेल. देवाच्या पाषाणावर पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, बा देवा म्हाराजा म्हणून सुरू होतं आणि दर वाक्याला जमलेले लोक होय म्हाराजा म्हणतात, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात की कुठली पाकळी आधी पडते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. मी लहानपणी ते बघितलंय, पाऊण तास पाकळी हलत नाही आणि एवढी माणसं श्वास धरून बसलेली, कोणी खोकलंसुद्धा नाही. त्या शांततेइतकी जादू मी कुठल्याच निळ्या प्रकाशात बघितली नाहीये. तर तोच तुकडा मी असा लिहीन:

‘दरवाज्याच्या कपाळपट्टीवर दगडाचा मुखवटा होता. आर्याने दोन पाकळ्या ओंजळीतल्या पाण्यात बुडवल्या आणि त्याच्या दोन्ही गालांवर एकेक चिकटवली. “उघड,” ती म्हणाली, “मी आजीचा आवाज देते.” आजीला जाऊन सात महिने झाले होते. तिचा आवाज आता आर्याशिवाय कोणालाच आठवत नव्हता. वारा नव्हता. उजवी पाकळी थोडी सरकली, थांबली. डावी पडली.’

म्हणजे नाही. दरवाज्याला अजून काहीतरी हवंय. आता बारावं पान आहे की नाही तुझ्याकडे? ती काय वाढवून देणार, का परत फिरणार, का पाकळीला हळूच बोट लावून खोटा कौल घेणार आणि मग ते खोटं कधी अंगाशी येणार, तीन वाटा फुटल्या आणि अजून जादूचा एकच नियम सांगून झालाय.

हे लिहिलं की मुलांना वाचून दाखवायचं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय, फेसबुकवरच्या मोठ्या माणसांना नाही, मुलांना. एका शाळेत आठवीच्या वर्गात मी माझ्या दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित वाचत होते, तिसऱ्या प्रकरणात एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, “पण तिने आईला का नाही सांगितलं?” मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्याला पटलं नाही हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की माझ्याकडे उत्तर नाहीये. आईला सांगितलं असतं तर गोष्ट दहा मिनिटात संपली असती. ह्याच्यासाठी जगभर एक सोपी युक्ती करतात, नायकाला अनाथ करून टाकतात. मला ती आपल्याकडे फारशी आवडत नाही कारण मराठी घर म्हणजे आजी, काकू, शेजारच्या वहिनी, दुपारी दार वाजवणारी पिठाची गिरणीवाली, सगळ्यांना मारून टाकलं तर उरलं काय लिहायला. त्यापेक्षा आई असू दे आणि तिला सांगता न येण्याचं कारण जादूच्या किंमतीतच असू दे. मी शेवटी असं केलं की मूळ नवस आईनेच बोललेला होता आणि मुलीला ते कळलेलं आईला कळू द्यायचं नव्हतं. त्यात माझी सहा प्रकरणं परत लिहावी लागली, आठ महिने गेले. तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या त्या एका प्रश्नाने पुस्तक वाचवलं माझं.

आणि बोध घालू नकोस. आपल्याकडे मुलांसाठी लिहायचं म्हणजे संस्कार झाले पाहिजेत ही जी सवय लागलीय ना, ती बारा वर्षांच्या वरची मुलं दुसऱ्या पानावर ओळखतात आणि पुस्तक मिटतात. वर्गात वाचताना दिसतं ते, मान तशीच पुस्तकाकडे असते पण डोळे खिडकीत गेलेले असतात. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, चांदोबाच्या वेताळावर दोन पिढ्या वाढल्या, लहान मुलांचं आपल्याकडे बरं चाललेलं असतं, पण तेरा चौदाला आलं की मूल मराठीतून थेट मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर उडी मारतं नाहीतर इंग्रजीकडे जातं. मधली जी पाच सहा वर्षं आहेत, आवाज फुटायची, आरशात बघायची, घरात कोणी ऐकून घेत नाही वाटायची, तिथे शेल्फवर फार थोडं आहे. मला ह्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, कारण आपल्याकडे सामग्री नाही असं अजिबात नाहीये. मुंजा घे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. पोर म्हणून कोणी धरत नाही, मोठा म्हणूनही धरत नाही, मधेच अडकलाय. ह्याच्याहून जास्त यंग अडल्ट पात्र कुठे मिळणार सांग मला. चकवा घे, रात्रभर चालून माणूस परत त्याच झाडापाशी येतो. देवचार घे, आमच्याकडे आणि गोव्यात तो रात्री गावाच्या सीमेवरून राखण करत फिरतो, त्याला रोट देतात, काठी घोंगडी देतात, काही ठिकाणी चपला ठेवतात कारण चालून चालून त्याच्या झिजतात. राखण करणाऱ्याच्या झिजलेल्या चपला! मी त्या एका गोष्टीवर अख्खी कादंबरी लिहिली.

पण इथे दोन गोष्टींचं भान ठेव. एक, हे लोकांचे जिवंत देव आहेत, म्युझियममधले नाहीत, म्हणून खऱ्या गावाचं नाव, खऱ्या देवाचं नाव, खऱ्या मानकरी घराण्याचं आडनाव वापरू नकोस, रीत घे आणि बाकी तुझं कर. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर झाला, हे आपण विसरून चालणार नाही. कादंबरीला तो कायदा आडवा येत नाही, पण आजही डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावातून काढतात. म्हणून मी स्वतःला एक नियम घातलाय की माझ्या गोष्टीत गावाने जिला चेटकीण ठरवलं ती कधीही खरी चेटकीण निघणार नाही. आणि वाचनाच्या तासाला मुलं विचारतात, हे खरं असतं का हो मॅडम, तेव्हा स्पष्ट सांगते की नाही, ही गोष्ट आहे, कोणी पैसे घेऊन असं काही करतो म्हणाला तर शिक्षकांना येऊन सांगा. त्याने गोष्टीची मजा एक कणभरही कमी होत नाही, उलट मग ती निवांत ऐकतात.

शब्दांचं बोलू, कारण मराठीत फॅन्टसी फसते ती जास्त करून इथे. इंग्रजीतलं जग डोक्यात असतं आणि आपण त्याला मराठी शब्द चिकटवत बसतो, मग किल्ला होतो पण तो किल्ला नसतो, कॅसल असतो. तू एकदा राजगडावर जा, वही घेऊन जा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तीन माच्या, वर बालेकिल्ला. संजीवनी माचीला तटाच्या आत तट आहे, दोन भिंतींमधल्या अरुंद जागेत उतरायला पायऱ्या आहेत, तिथे उतर आणि बघ खांदा कुठे घासतो, वरचं आकाश किती रुंद दिसतं, खालून बोललेलं वर ऐकू येतं का. सुवेळा माचीवर डोंगराला आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला, तिथे बसलं की वारा कानात काय करतो ते लिहून ठेव. मग चोरदिंडी, देवडी, मेट, टाकं, हे शब्द आपोआप जागेवर बसतात कारण तू ती जागा अंगाने बघितलेली असते. वेळेचंही तसंच. वेगळ्या जगात ‘पाच मिनिटांनी’ आलं की जग फुटतं. आपल्याकडे घटका आहे, २४ मिनिटांची, प्रहर आहे तीन तासांचा, पळ आहे २४ सेकंदांचं. दिवा विझायच्या आत, भाताला उकळी येईपर्यंत, असंही म्हणता येतं आणि ते मला जास्त आवडतं. समुद्र असेल तर गलबत, मचवा, तांडेल. सगळं एकदम कोंबायचं नाही, पानाला एखादा नवखा शब्द पुरे, आणि त्याचा अर्थ त्याच वाक्यातल्या हालचालीतून कळला पाहिजे, तळटीप द्यायची नाही.

संवाद मात्र बखरीसारखे नकोत. ‘आपण कुठे चालला आहात राजकुमारी’ असं चौदा वर्षांचं कोणीच बोलत नाही, कुठल्याही जगात नाही. ‘निघालीस कुठे’ म्हणू दे. ओके आणि सॉरी टाळायचे, पण तोडून बोलणं, अर्धवट सोडणं, एकमेकांना नावं ठेवणं हे सगळं आजच्या पोरांसारखं असू दे. मी बसमध्ये मागच्या सीटवरच्या शाळेच्या पोरांचं ऐकत ऐकत अख्खा स्वारगेट ते हडपसर प्रवास करते, शब्द वहीत घेत नाही, लय घेते.

मराठी का इंग्रजी हे आता सोपं झालं असेल. तुझी आर्या आईला उलट उत्तर देते ते तुझ्या डोक्यात कुठल्या भाषेत ऐकू येतं? त्या भाषेत लिही. इंग्रजीत बाजार मोठा आहे हे खरं, तिथे गर्दीही तेवढीच आहे आणि तिथे तुला ‘कौल’ समजावून सांगण्यात अर्धं पान घालवावं लागेल. मराठीत लिहिलंस तर शब्दसंख्येची धास्ती घेऊ नकोस. इंग्रजीत या प्रकारच्या कादंबऱ्या साधारण सत्तर हजार ते एक लाख शब्दांच्या असतात, पण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘घराच्या आतून’ला इंग्रजीत जास्त शब्द लागतात, त्यामुळे तेवढीच गोष्ट मराठीत कमी शब्दांत भरते. पहिल्या पुस्तकाला चाळीस ते पन्नास हजार पुष्कळ झाले. आणि एकच पुस्तक लिही, पूर्ण संपणारं. सात भागांची मालिका डोक्यात असू दे, पण प्रकाशकाकडे पहिला भाग असा जायला हवा की दुसरा आलाच नाही तरी वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटू नये.

टाइप युनिकोडमध्येच कर, मोबाईलवर केलंस तरी चालेल. प्रकाशकांकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये जुळणी होते, फाइल बदलताना जोडाक्षरं आणि रफार उडतात, म्हणून शेवटचं प्रूफ स्वतः डोळ्यात तेल घालून वाच. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धचंद्रासारखा ऱ आणि ‘आचार्या’मधला रफार, यांची अदलाबदल हमखास होते. माझ्या पहिल्या पुस्तकात ‘वाऱ्यावर’ सगळीकडे ‘वार्यावर’ छापलं गेलं, एकशे चाळीस ठिकाणी, अजून ती पानं उघडवत नाहीत.

छापणार कोण. एकदम कादंबरी घेऊन जाऊ नकोस, आधी दोन तीन कथा बाहेर येऊ दे. दिवाळी अंक ही आपल्याकडची फार मोठी गोष्ट आहे, का. र. मित्रांनी १९०९ ला ‘मनोरंजन’चा काढला तेव्हापासून चालू आहे, आणि किशोरांसाठीचेही अंक निघतात. दिवाळीच्या तोंडावर पाठवून काही होत नाही, मे जूनमध्ये संपादकांकडे कथा गेली पाहिजे, ऑगस्टपर्यंत बहुतेकांचे अंक भरतात. मग प्रकाशकाकडे दोन पानांचा सारांश, त्यात शेवटसुद्धा सांगायचा, लपवायचा नाही, आणि पहिली तीन प्रकरणं. तीन महिने वाट बघ, मग एकदा फोन कर. नकार आला तर कारण विचार, काही जण मनापासून सांगतात.

कोणी म्हणालं पुस्तक छापतो पण तुम्ही अमुक पैसे द्या, तर तिथून ऊठ. मी पहिल्या वेळी उठले नव्हते. आईने बाजूला ठेवलेले पैसे दिले, एक हजार प्रती छापल्याचं सांगितलं गेलं, मला दोनशे दिल्या आणि बाकीच्या कुठे गेल्या ते आजपर्यंत कळलेलं नाही. स्वतःच छापायचं असेल तर उघडपणे स्वतः छाप, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो, सरकारी एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा असतो, त्याचे कोणी पैसे मागितले तर ते फसवणं आहे. करार झाला तर प्रत्येक ओळ वाच. ऑडिओ, ई-बुक, भाषांतर, सिनेमा आणि मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत, छापील पुस्तकाच्या करारात ‘सर्व हक्क’ असं एका ओळीत जाऊ देऊ नकोस. आपल्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हे माहीत असलं की समोरच्याशी बोलताना आवाज कापत नाही. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुझा होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं, म्हणून नकाशा लपवून ठेवण्यात अर्थ नाही, लिहिलेलं पानच तुझं.

पोट. समज पुस्तकाची किंमत तीनशे रुपये, रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. हजाराची आवृत्ती सगळी संपली तर तीस हजार, आणि हजार प्रती संपायला दोन तीन वर्षं सहज लागतात. मी अजूनही सकाळी भाषांतराचं काम करते, लिहिते पहाटे साडेपाच ते साडेसात. ऑडिओने थोडं बरं झालंय, मुलं झोपताना ऐकतात, आणि ऑडिओसाठी मालिका लिहायचं काम मिळतं तेव्हा त्याचे पैसे पुस्तकापेक्षा बरे असतात. ग्रंथालयांची खरेदी हा मराठी पुस्तकांचा मोठा आधार आहे, तुझा प्रकाशक शासनाच्या ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवतो का ते आधीच विचार. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्यांना असतो, बालसाहित्याला २०१० पासून वेगळा आहे, पण त्यावर डोळा ठेवून लिहिता येत नाही. नोकरी कर. नोकरी असताना लिहिलेलं पुस्तक घाईत संपवावं लागत नाही हा माझा अनुभव आहे.

वंशावळी आणि लिपी फेकून देऊ नकोस, ते दोन वर्षांचं काम आहे, पिशवीत घालून कपाटावर ठेव. नकाशा मात्र समोर राहू दे आणि त्यावर एक काम कर. आर्याच्या घरापासून त्या दरवाज्यापर्यंत पेन्सिलने वाट काढ, कुठे पाणी प्यायला मिळेल, कुठे रात्र होईल, किती घटका लागतील ते लिही, आणि वाटेत तिला आजीचा आवाज कुठे कुठे आठवेल तिथे बारीक खूण कर. शेवटची खूण दरवाज्याच्या अलीकडे पडली पाहिजे. मग बारावं पान लिहून मला पाठव, तेवढंच, मी वाचेन.